गप्प शंकर आणि न मावळणारा सूर्य

डिसेंबरात भिगवणला गेलं की उजनीच्या पाण्याच्या कडेला, लव्हाळ्यात आणि पाणकणसांत चिमणीएवढा एक पक्षी हमखास भेटतो. पाठ तपकिरी, भुवई पांढरी, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी डाग. चिखलातून चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, शेपूट उचलतो आणि पुन्हा गवतात शिरतो. नर समोरून दिसलाच तर गळ्यावर निळा रंग असतो, म्हणून मराठीत त्याचं नाव शंकर. आवाज मात्र कोरडा. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसं 'टक्, टक्', बस्स. माझ्या जुन्या वहीत त्याच्यापुढे 'लाजरा, गप्प' अशी नोंद आहे.

पुढे एका जूनमध्ये मी फिनलंडच्या अगदी उत्तर टोकाला, उत्स्योकी गावाजवळ टेनो नदीच्या काठी रात्री एक वाजता उभा होतो. सूर्य उत्तरेकडे क्षितिजावर टेकल्यासारखा दिसत होता आणि उन्हाचा रंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असतो तसा होता. हातमोज्यांतही बोटं गार पडली होती. समोरच्या खुरट्या झुडपाच्या शेंड्यावर तोच पक्षी बसला होता. चोच वर, शेपूट पसरलेली, निळ्या गळ्यावरचा तांबूस ठिपका प्रत्येक स्वराबरोबर थरथरत होता. तो गात होता, आणि मी तिथून हलेपर्यंत, म्हणजे पाऊण तास, जवळजवळ न थांबता गात राहिला. वहीतली ती नोंद मी त्या रात्री खोडली.

एकच पक्षी एका ठिकाणी मुका आणि साडेसहा हजार किलोमीटरांवर गवई, हे कसं होतं? आणि उत्तरेकडच्या त्या छोट्या उन्हाळ्यात हे गाणं ऐकायचं असेल तर कान कसा लावायचा? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच सांगतो.

कावळा गायक, कोकीळ नाही

'गायक पक्षी' ही पक्षिशास्त्रातली एका गटाची संज्ञा आहे, गोडव्याची पावती नव्हे. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या या गटात मोडतात. आपली चिमणी त्यात आहे, बुलबुल आहे, दयाळ आहे आणि कावळाही आहे. कोकीळ मात्र नाही. ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण कारण सरळ आहे. कोकिळाचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, आठवडेच्या आठवडे कावकाव ऐकतं आणि मोठं झाल्यावर 'कुहू'च करतं. ती हाक त्याला कुणी शिकवलेली नसते, ती जन्मजात असते. गायक पक्ष्याला गाणं शिकावं लागतं. लहानपणीच्या ठरावीक काळात थोरांचं गाणं कानावर पडलं नाही, तर पुढे त्याचं गाणं कच्चं राहतं. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात चॅफिंच या पक्ष्याची पिल्लं इतर पक्ष्यांपासून दूर ठेवून वाढवली, तेव्हा ती मोठेपणी गायली खरी, पण ते गाणं ओबडधोबड होतं. लांबी साधारण बरोबर होती, घडणच नव्हती.

दुसरा फरक गळ्याचा. आपलं स्वरयंत्र घशात वरच्या बाजूला असतं. पक्ष्याचं खाली, छातीत असतं, जिथे श्वासनलिकेचे दोन फाटे होऊन ते फुप्फुसांकडे जातात. या अवयवाला सिरिंक्स म्हणतात. गायक पक्ष्यांत त्याला बारीक स्नायूंच्या जोड्या असतात आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळी हलवता येते. म्हणजे एकाच छातीत दोन बासऱ्या, आणि दोन्हींवर स्वतंत्र बोटं. एकाच वेळी दोन स्वर निघू शकतात, किंवा एक बाजू थांबते त्या क्षणी दुसरी स्वर उचलून धरते.

आणि हे केवढ्या देहात? उत्तर युरोपात उन्हाळाभर सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्यांपैकी एक म्हणजे विलो वार्बलर, आपल्या वटवट्यांसारखा चिमुकला पक्षी. वजन ९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याएवढं. शंकर अशा दोन नाण्यांचा.

उजेड डोळ्यांतूनच जातो असं नाही

आता मूळ प्रश्न. हिवाळ्यात गप्प का?

पक्ष्याच्या मेंदूत खोलवर काही पेशी उजेड ओळखतात. डोळ्यांतून आलेल्या नव्हे, तर पिसं, कातडी आणि पातळ कवटी यांतून झिरपून आत पोचलेल्या उजेडाला त्या प्रतिसाद देतात. दिवस ठरावीक लांबीपलीकडे गेला की या पेशींपासून संप्रेरकांची साखळी सुरू होते. नराच्या हिवाळ्यात अगदी बारीक झालेल्या वृषणग्रंथी काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढतात, त्यांतून टेस्टोस्टेरोन रक्तात उतरतं आणि त्याचा परिणाम पुन्हा मेंदूवर होतो. गाणं सांभाळणारी मेंदूतली केंद्रंच आकाराने वाढतात. फर्नांडो नॉटबोम यांनी १९८१ साली कॅनरी पक्ष्यांत दाखवलं की ही केंद्रं वसंतात मोठी असतात आणि गाण्याचा हंगाम संपला की लहान होतात. प्रौढ मेंदू असा घटतो-वाढतो हे तेव्हा बहुतेकांना पटणारं नव्हतं. पुढे हंगामी गाणाऱ्या इतर अनेक जातींत हेच आढळलं. मला हे ज्ञान फार मोलाचं वाटतं, कारण त्याने भिगवणच्या त्या गप्प पक्ष्याकडे पाहायची नजरच बदलते. तो लाजून गप्प नसतो. गाण्याची सगळी सामग्री त्याने आवरून ठेवलेली असते. वजन वाहून आणणाऱ्या प्रवाशाने ते करणं शहाणपणाचंच.

पण पुण्याजवळ बसलेल्या पक्ष्याला उत्तरेत वसंत आल्याचं कसं कळतं? आपल्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत फरक असतो जेमतेम सव्वादोन तासांचा. इशारा फार हलका. इथे दुसरी गोष्ट मदतीला येते: आतलं वार्षिक घड्याळ. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी १९६०च्या दशकात विलो वार्बलर पिंजऱ्यात ठेवले. खोलीत रोज बारा तास उजेड, बारा तास अंधार, तापमान तेच, ऋतू म्हणून काही नाहीच. तरी ते पक्षी वर्षाच्या साधारण ठरल्या काळी पिसं टाकू लागले आणि स्थलांतराच्या हंगामात रात्रभर पिंजऱ्यात फडफडू लागले. हे आतलं घड्याळ पक्ष्याला घरातून काढतं, आणि वाटेत लांबत जाणारा दिवस त्याला वेळेवर आणतो.

उत्तरेत तो दिवस लांबतो तरी किती झपाट्याने! उत्स्योकीला २० मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखी असते आणि १७ मेच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो. म्हणजे दोन महिन्यांहून कमी काळात बारा तासांचे चोवीस तास. रोज सरासरी १२ मिनिटांची भर. आपल्याकडे एवढी भर पडायला ऐन मार्चातही अकरा-बारा दिवस जातात.

रात्र नाही, तरी पहाट आहे

पक्षी पहाटे जास्त का गातात याची अनेक कारणं दिली जातात आणि ती एकमेकांना काटत नाहीत. पहाटे किडे शोधण्याइतकं उजाडलेलं नसतं, तेव्हा वेळ मोकळा असतो. वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. रात्रीत कुणी शेजारी मेला असेल तर त्याची जागा रिकामी आहे, हे तेव्हाच कळतं. आणि जो थंडीत रात्र काढूनही जोरात गातो त्याच्या अंगात ताकद शिल्लक आहे, हे मादीला ऐकू येतं.

मग जिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही, तिथे पहाट कुठली? मला वाटायचं तिथे पक्षी चोवीस तास सारखेच गात असतील. तसं नाही. अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो (आताचं नाव उत्कियाग्विक) इथे संशोधकांनी पक्ष्यांच्या हालचाली अखंड उजेडात नोंदल्या. निष्कर्ष २०१३ साली आले. चिखलात चरणारे काही पक्षी घड्याळ विसरल्यासारखे वागत होते. लॅपलंड लाँगस्पर हा गायक पक्षी मात्र चोवीस तासांचा फेरा पाळत होता आणि 'रात्री' काही तास विश्रांती घेत होता. हाच पक्षी स्कँडिनेव्हियाच्या उघड्या डोंगरमाथ्यांवरही असतो. सूर्य मावळला नाही तरी तो खाली येतो, उजेडाचा रंग बदलतो, गारठा वाढतो. पक्ष्याला तेवढं पुरतं.

ऐकणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की वेळ निवडायला हवी. मला रात्री नऊ ते अकरा हा काळ सर्वांत शांत वाटला. जेवून उत्साहाने बाहेर पडणारे पाहुणे नेमके तेव्हा जातात आणि 'फार काही नव्हतं' म्हणत परततात. सूर्य सर्वांत खाली येऊन वर चढू लागला की एकेक आवाज जागा होतो, आणि पुढचे तीन-चार तास खरे.

सूर्य सर्वांत खाली केव्हा येतो? भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजता येतो असं समजू नका. फिनलंडचं उन्हाळी घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या तीन तास पुढे असतं, म्हणजे ४५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ. उत्स्योकी आहे २७ अंशांवर. फरक १८ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. तिथली खरी मध्यरात्र घड्याळात एक वाजून दहा-बारा मिनिटांनी येते. गंमत पुढेच आहे. टेनो नदी हीच फिनलंड आणि नॉर्वेची सीमा, आणि नॉर्वेचं घड्याळ एक तास मागे. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन शंकर एकमेकांना ऐकत गातात. अलीकडच्या काठावर एक वाजून गेलेला असतो आणि पलीकडे नुकतेच बारा.

अवरोह, कानस आणि घराणी

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे. आवाज लक्षात ठेवायची सर्वांत जुनी युक्ती आपल्या शेतकऱ्यांनी कधीच वापरली आहे. मृगाच्या आधी ओरडणाऱ्या पावशाला 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' हे शब्द देऊन त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानात बसवला. अनोळखी पक्ष्याला आपल्याच भाषेतले शब्द किंवा आपल्याच ओळखीचे आवाज द्यावेत. परक्या पुस्तकातली 'त्सी-त्सी-त्सुइट' अशी अक्षरं माझ्या तरी डोक्यात कधी राहिली नाहीत.

सुरुवात विलो वार्बलरपासून करावी. फिनिशमध्ये त्याचं नाव पायुलिंतू, म्हणजे वाळुंजाचा पक्षी. आपल्या नद्यांच्या काठी वाळुंज असतो त्याचेच उत्तरेकडचे भाऊबंद तिथे ओढ्याकाठी झुडपांच्या रूपात दाटलेले असतात. या पक्ष्याचं गाणं म्हणजे सरळ अवरोह. वरच्या स्वरावर मऊ सुरुवात, मध्ये जरा जोर, मग पायऱ्या उतरत उतरत खाली विरून जाणं. सगळं मिळून तीनेक सेकंद. थोडी विश्रांती आणि पुन्हा तेच. भूर्जाच्या रानात हा आवाज इतका सर्वत्र असतो की तोच तिथला तानपुरा समजावा. तो ओळखीचा झाला की कान त्याला मागे टाकतो आणि बाकीचे आवाज पुढे येतात. नवख्याने पहिली रात्र फक्त याच्यावर घालवली तरी चालेल, असं माझं मत आहे.

त्याच रानात कुठून तरी 'झ्झ्झींऽऽ' असा एकच लांबट, नाकातला आवाज येतो. लोखंडावर सावकाश कानस घासल्यासारखा. यंत्र सुरू आहे असंच वाटतं. तो ब्रॅम्बलिंग, काळ्या-नारिंगी रंगाचा देखणा पक्षी. यालाही गाणंच म्हणतात, कारण त्याचं काम गाण्याचंच आहे: ही जागा माझी, आणि मी एकटा आहे.

रेडविंग हा कस्तुराच्या कुळातला. तीन ते सहा खणखणीत स्वर, बहुधा उतरते, आणि शेवटी पुटपुटल्यासारखी बारीक खिटखिट. याची खरी मौज जागा बदलल्यावर कळते. एका परिसरातले सगळे रेडविंग स्वरांची सुरुवात सारखीच करतात. काही किलोमीटर पुढे गेलं की तिथले सगळे वेगळीच सुरुवात करतात. गाणं शिकून येतं, म्हणून घराणी पडतात. नॉर्वेत या बोलींचे नकाशे काढले गेले आहेत. एका दरीत उतरते चार स्वर ऐकून पुढच्या दरीत चढते स्वर ऐकले, तेव्हा मला वाटलं हा नवाच पक्षी. दुर्बीण लावली तर तोच.

आणि शंकर. फिनिशमध्ये सिनिरिंता, निळ्या छातीचा. आधी एकच स्वर: 'झिप... झिप... झिप', विलंबित. मग लय चढते, 'झिप-झिप-झिपझिपझिप', आणि द्रुतात पोचली की ती घुंगरांसारखी किणकिणते. त्यानंतर काय येईल हे सांगता येत नाही, कारण तो नकलाकार आहे. आसपासच्या पक्ष्यांचे तुकडे उचलून तो आपल्या गाण्यात गुंफतो. ब्रॅम्बलिंग ऐकू आला म्हणून तुम्ही झाडावर शोधायला लागता आणि आवाज येत असतो झुडपातून. दक्षिण फिनलंडच्या एका बुलबुलासारख्या गायक पक्ष्याला, थ्रश नाइटिंगेलला, साताकिएली म्हणजे शंभर जिभांचा असं नाव आहे. तो इतक्या उत्तरेला येत नाही. तिथे ते नाव शंकराला शोभलं असतं. मध्येच तो झुडपावरून हवेत झेपावतो, पंख-शेपूट पसरून गात गात तिरका खाली उतरतो. त्याच्या गळ्याचा निळा रंग आपल्याला दिसतो त्याहून अधिक आहे. त्यात अतिनील प्रकाशही परावर्तित होतो आणि माद्यांना तो दिसतो, हे १९९७ साली प्रयोगाने सिद्ध झालं.

सगळे आवाज गळ्यातून येतात असंही समजू नये. दलदलीवरून शेळी बेंबटल्यासारखा कंप पावणारा आवाज आला तर वर पाहावं. पाणलावा उंचावरून सूर मारतो तेव्हा शेपटीच्या कडेची ताठ पिसं वाऱ्यात थरथरतात, त्यांचा तो आवाज. फिनिश नाव तैवानवुओही, आकाशातली शेळी. हाच पाणलावा हिवाळ्यात आपल्या तळ्यांच्या चिखलातही असतो, आणि आपल्याकडे आकाशातली शेळी कुणाला ऐकू येत नाही.

रान संपतं तिथे

उत्तरेकडे उंची थोडी वाढली तरी रान बदलतं, आणि त्याबरोबर गाणारे. खाली नदीकाठी वाळुंजाची झुडपं: शंकर. त्यावर वाकड्या खोडांच्या ठेंगण्या भूर्जाचं रान: विलो वार्बलर, ब्रॅम्बलिंग, रेडविंग. शंभर-दोनशे मीटर चढलं की झाडं संपतात आणि दगडफुलांनी माखलेला उघडा माथा लागतो. तिथे शेंडा नाही, मग गायचं कुठे बसून? हवेत. मेडो पिपिट गात वर चढतो आणि छत्री उघडल्यासारखा तरंगत उतरतो. लाँगस्परही उडतानाच गातो. आपल्या माळरानावर चंडोल हेच करतो आणि कारणही तेच आहे. सुप्याच्या किंवा सासवडच्या माळावर ज्याने चंडोल ऐकला आहे त्याला उत्तरेचा माथा परका वाटणार नाही.

माझा सल्ला एवढाच की एका रात्रीत तिन्ही ठिकाणं करू नयेत. एका जागी तासभर बसावं. खळाळत्या पाण्यापासून जरा दूर, कारण ओढ्याचा आवाज बारीक स्वर गिळून टाकतो. दोन्ही तळवे कानांमागे द्रोणासारखे धरले तर दिशा चटकन कळते. साधी युक्ती, पण तिच्याइतका उपयोग मला महागड्या साधनांचाही झाला नाही. फिनलंडमध्ये रानात जवळजवळ कुठेही पायी फिरायचा हक्क सर्वांना आहे, परक्यालाही. घरट्यांना धक्का लावायचा हक्क मात्र कुणालाच नाही. मोबाइलवर त्याच पक्ष्याचं गाणं वाजवून त्याला जवळ बोलावणं मी चूक मानतो. ज्या नराकडे मादी मिळवायला दोन-तीन आठवडे आहेत, त्याला खोट्या शत्रूमागे धावायला लावायचं कशाला?

तीन आठवडे

होय, एवढाच काळ. शंकर मेच्या उत्तरार्धात पोचतो, तेव्हा सावलीतला बर्फ वितळलेला नसतो आणि नदीवरचं बर्फ नुकतंच फुटलेलं असतं. मेचा शेवट ते जूनचा मध्य हा गाण्याचा भर. जोडी जमली की नराचं गाणं झपाट्याने ओसरतं; पिल्लं झाली की चोचीत किडे असतात, गायला सवड नसते. ज्याचं गाणं जूनअखेरीसही जोरात चालू आहे तो बहुधा अजून एकटाच असतो. हे कळल्यापासून उशिराचं सुंदर गाणं ऐकताना मला जरा वाईट वाटतं.

अपवाद आर्क्टिक वार्बलरचा. तो आग्नेय आशियातून, फार लांबून येतो, म्हणून उशिरा पोचतो, जूनच्या मध्यानंतर. एकाच स्वराची घाईघाईने चालवलेली शिलाई मशीन, असं त्याचं गाणं. त्या सुमारास डासही सुरू होतात, आणि लॅपलंडचे डास म्हणजे कानाभोवती अखंड गुणगुण. ऐकण्यात त्यांचा अडथळा खरा, पण हे सगळे पक्षी इतक्या लांब येतात ते या किड्यांसाठीच, हे विसरून चालत नाही. भूर्जाची पानं खाणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या काही वर्षांनी अफाट माजतात आणि त्या वर्षी ब्रॅम्बलिंगही जास्त दिसतात. अळ्या फारच माजल्या तर रान मरतं. १९६५-६६मध्ये उत्स्योकीत तसं झालं आणि पुष्कळ ठिकाणी भूर्ज पुन्हा उभा राहिलाच नाही. त्या भागातून चालताना गाणं एकदम विरळ होतं. डोळे मिटले असते तरी रान संपल्याचं कळलं असतं.

यंत्रांबद्दल थोडक्यात. मर्लिन आणि बर्डनेट ही ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतात, झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरची ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. ॲप आवाजाचं चित्र काढतं: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची. विलो वार्बलरचा अवरोह त्यात खरोखर उतरत्या पायऱ्यांसारखा दिसतो. वयामुळे ज्यांना फार बारीक स्वर ऐकू येत नाहीत त्यांना हे चित्र मोठाच आधार. शंकर नकला करायला लागला की मात्र अशी ॲप सहज फसतात. तिथे आपला कान आणि थोडा धीर.

ऐकणाऱ्यांच्या नोंदींना यंत्रांइतकंच महत्त्व आहे. स्वीडनच्या आमरनेस गावाजवळच्या डोंगरांत १९६३पासून दर उन्हाळ्यात पक्षी मोजले जातात, आणि रानातली ही मोजणी मुख्यतः कानानेच होते: कोण कुठे गातो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या अशा गणना एकत्र करून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००२ ते २०१२ या काळात तिथल्या डोंगरी भागातल्या नेहमीच्या अनेक जाती कमी झाल्याचं त्यात दिसलं. उन्हाळे गरम होत आहेत, झुडपं वर सरकत आहेत, आणि माथ्यावरच्या पक्ष्याला वर सरकायला माथ्यापलीकडे जागा नाही.

पुन्हा भिगवण

नॉर्वेचे शंकर हिवाळ्यात कुठे जातात हे फार काळ अंदाजानेच सांगितलं जाई. मग त्यांच्या पाठीवर एक ग्रॅमहूनही हलकं उपकरण बांधलं गेलं. ते फक्त उजेड नोंदवतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी कुठे होता ते काढता येतं, पण पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पक्षी आग्नेयेकडे, भारतीय उपखंडाकडे आल्याचं दिसलं. युरोपातून लांबवर जाणारे बहुतेक पक्षी आफ्रिकेची वाट धरतात, हे नाहीत. याच उपकरणाचा उन्हाळ्यात मात्र काही उपयोग नसतो. सूर्य मावळतच नाही, तर ते वेळ कशावरून सांगणार?

उजनीच्या काठचा प्रत्येक शंकर नॉर्वेचाच, असं मी म्हणणार नाही. सैबेरिया आणि मध्य आशियातूनही ते येतात. पण त्यांचं सगळ्यांचं गाणं कुठल्या तरी उत्तरेकडच्या जूनमध्ये ठेवलेलं असतं.

एक गोष्ट इथेही ऐकता येते. मार्च संपता संपता, ते निघायच्या बेतात असताना, एखाद्या पहाटे वारा नसेल तर लव्हाळ्याजवळ दहा-पंधरा मिनिटं न हलता बसा. नराच्या गळ्यावरचा निळा रंग तोवर गडद झालेला असतो. कधी कधी तो गवताच्या आतूनच, चोच जेमतेम उघडून, स्वतःशी पुटपुटल्यासारखं गातो. आवाज इतका हळू की दहा पावलांवरून हरवावा. पण नीट ऐकलं तर सुरुवातीचा तो विलंबित 'झिप... झिप... झिप' त्यात असतो, आणि मग, अडखळत, लय चढू लागते.